सरांचा २-३ झोन आणि आमचा एक सीझन

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमला गेल्या सीझनपर्यंत एकच डिफेन्स येत होता, २-३ झोन. समोर कुणीही असो, पहिला क्वार्टर असो नाहीतर शेवटचं मिनिट, पुढे दोघी मागे तिघी, हात वर, आणि बॉल जिकडे जाईल तिकडे पाचही जणींनी सरकायचं. मी याच कॉलेजात याच सरांच्या हाताखाली खेळले, नंतर बीपीएड केलं आणि आता त्यांची असिस्टंट म्हणून सकाळी ग्राउंडवर जाते, मानधन नावापुरतं आहे पण ते जाऊ दे. सरांनी झोन सोडून दुसरं काहीतरी खेळवावं म्हणून आमच्यात जे काय झालं ते सविस्तर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, कारण बऱ्याच ज्युनियर कोचची हीच तक्रार असते की सिनियर सर ऐकत नाहीत, आणि मग जुनी माणसं हट्टी असतात एवढं म्हणून विषय मिटवून टाकतात. मला हे पटत नाही, का पटत नाही ते पुढे येईलच.

सरांबद्दल आधी सांगते. सर पतियाळाला एनआयएसचा कोचिंगचा कोर्स करून आलेले, कॉलेजात फिजिकल डायरेक्टर म्हणून लागले तेव्हा मुलींची बास्केटबॉल टीमच नव्हती. आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात मुली खो-खो खेळतात, कबड्डी खेळतात, पळतात, पण शाळेपासून बास्केटबॉल खेळलेली मुलगी आमच्याकडे ॲडमिशन घेणं म्हणजे लॉटरीच, ती पुण्याला नाहीतर कोल्हापूरला जाते. मग सर एफवायला आलेल्या खो-खोच्या मुली हेरायचे, त्यातल्या जरा उंच असतील त्यांना जिमखान्यात बोलवायचे आणि म्हणायचे, संध्याकाळी खो-खो खेळ, सकाळी माझ्याकडे ये. आता ह्या मुलींना झोनल मॅचेसपर्यंत, म्हणजे विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या स्पर्धेपर्यंत, उभं करायचं, त्यात पावसाळा, आमचं कोर्ट उघड्यावरचं, काँक्रीटचं, जुलैत आठवडाच्या आठवडा त्यावर पाणी. सकाळी सहा ते साडेसात एवढीच प्रॅक्टिस, कारण पुढे लेक्चर असतं आणि संध्याकाळी निम्म्या मुलींना एसटी गाठायची असते. जिनं कधी हातात बास्केटबॉल धरलेला नाही अशा पोरीला इतक्या वेळात मॅचला उभं करता येईल असा एकच डिफेन्स आहे आणि तो म्हणजे झोन, हे सरांनी अनुभवातून काढलेलं गणित होतं, आणि ते बरोबरच होतं. त्याच गणितावर त्यांनी झोनल काढल्यात, इंटरझोनलला टीम नेल्यात, शिवाजी विद्यापीठाच्या टीममध्ये मुली घातल्यात. मी पण त्यातलीच एक.

आणि शिकवायची पद्धत म्हणाल तर अशी कुठे बघितली नाही मी. सरांकडे एक निळी नायलॉनची दोरी आहे. मागच्या तीन मुलींच्या कमरेला ती दोरी बांधायची, मधल्या मुलीपासून दोन्ही बाजूला सारखं अंतर ठेवून, आणि मग सर स्वतः कोर्टच्या कडेकडेनं बॉल घेऊन चालणार. बॉल डाव्या कोपऱ्यात गेला की डावीकडची मुलगी बाहेर जाणार, मधली तिच्या मागे ब्लॉकवर, म्हणजे रिंगच्या बाजूच्या खुणेवर येणार, उजवीकडची रिंगखाली येणार, आणि हे होताना दोरीला झोळ पडता कामा नये आणि कुणाला हिसका बसता कामा नये. झोळ पडला की शिट्टी, हिसका बसला की शिट्टी. पहिले दोन-तीन दिवस मुली हसतात, एकमेकींवर आदळतात, आणि आठवड्याभरात तिघी अशा काही सरकायला लागतात की बघत राहावं. एवढ्या कमी वेळात एवढं नीट शिकवता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि सर झोन का सोडत नव्हते त्याचं मूळ माझ्या मते ह्या दोरीतच होतं, पण हे मला फार नंतर कळलं.

अडचण सुरू झाली ती थ्रीमुळे, म्हणजे लाइनीच्या बाहेरून मारलेल्या तीन पॉइंटच्या शूटमुळे. फिबानं, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेनं, थ्री-पॉइंट लाइन आणली १९८४ मध्ये, तेव्हा ती रिंगपासून ६.२५ मीटरवर होती, आणि २०१० मध्ये ती ६.७५ वर नेली, फक्त कोपऱ्यात साइडलाइनला जागा ठेवायची म्हणून ६.६०. ऐकायला अर्धा मीटर, पण हिशोब करून बघा, लाइनीच्या आतली जागा दहा-अकरा चौरस मीटरनं वाढते, म्हणजे दहा बाय अकरा फुटांची एक अख्खी खोली, आणि ती राखायला माणसं तेवढीच, पाच. सुरुवातीला आमच्याकडे ह्याचा काहीच त्रास झाला नाही, उलट फायदाच झाला, कारण लाइन लांब गेल्यावर मुलींना तिथून मारताच येईना. "मुलींना लांबून लागत नाही" हे सरांचं ठरलेलं वाक्य होतं आणि बरीच वर्षं ते खरं होतं. पण आता नाहीये. आता क्लबमध्ये लहानपणापासून खेळलेल्या मुली येतात, मोबाईलवर बघून बघून त्यांनी शूटिंग घासलेलं असतं, आणि एका टीममध्ये अशा दोघी जरी असल्या तरी झोनचं काम अवघड होतं.

गेल्या सीझनच्या आदल्या वर्षीच्या झोनलला आम्ही ज्या टीमकडून हरलो त्यांनी काही फार वेगळं केलं नव्हतं. एक मुलगी फ्री थ्रो लाइनवर आणून उभी केली, म्हणजे आमच्या पुढच्या दोघी आणि मागच्या तिघी यांच्या बरोबर मधे. तिला बॉल मिळाला की आमची मधली पुढे यायची, मग पास कोपऱ्यात, कोपऱ्यातून थ्री. पुन्हा तेच. पुन्हा तेच. सरांनी टाइमआउट घेतला आणि काय सांगितलं तर "हात वर ठेवा, पळा". मॅच संपल्यावर म्हणाले, लागले त्यांचे, रोज लागत नाहीत. मी तेव्हा बेंचवर मागे बसले होते, काही बोलले नाही.

सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा जिमखान्यात चहा पिताना मी विषय काढला, सर, ह्या वर्षी थोडं मॅन-टू-मॅन घेऊया का, म्हणजे जागा राखण्याऐवजी प्रत्येकीनं समोरची एकेक मुलगी राखायची. सर चिडले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि एकेक करून सांगायला लागले, की बाळ, मॅनला पाय लागतात, आपली प्रॅक्टिस दीड तासाची, मॅनमध्ये एक पोरगी सुटली की पाचही जणी उघड्या पडतात, नवीन पोरी हातानं धरतात आणि रेफरी लगेच फाउल देतो, क्वार्टरमध्ये टीमचे चार झाले की पाचव्यापासून समोरचीला दोन फ्री थ्रो, आणि एखादीचे पाच झाले तर बेंचवरनं आणू कुणाला, तू खेळतीस का. ह्यातलं एकही चुकीचं नाही. जे कोच म्हणतात ना की मॅन-टू-मॅन म्हणजेच खरा बास्केटबॉल, त्यांनी एकदा आमची बेंच बघावी.

आणि मग सरांचं नेहमीचं शेवटचं अस्त्र, जिम बेहाइम. अमेरिकेतल्या सिराक्यूज युनिव्हर्सिटीचा कोच, आमच्या कोर्टवर आलेल्या प्रत्येक मुलीला हे नाव पाठ आहे. सरांच्या मोबाईलमध्ये २००३ च्या एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या स्पर्धेच्या फायनलची क्लिप आहे, सिराक्यूज विरुद्ध कॅन्सस, ८१-७८ असा स्कोअर, शेवटचे दोन सेकंदही नाहीत, कॅन्ससच्या मायकल लीला कोपऱ्यात मोकळा थ्री मिळतो, बसला असता तर बरोबरी, आणि झोनच्या मधून हकीम वॉरिक उडी टाकत येतो आणि बॉल बाहेर भिरकावून देतो. सर ती क्लिप थांबवून दाखवतात, बघ, मधून कोपऱ्यात आला की नाही, झोननंच जिंकली. बेहाइमनं झोन सोडला नाही आणि २००५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, मग आपण कशाला सोडायचा.

म्हटलं ठीक आहे, बेहाइमच बघूया. आणि मी खरंच बसून बघितलं, जुन्या मॅचेस, आकडे, मुलाखती, जे मिळेल ते. त्यात जे हाती लागलं ते सरांनाही माहीत नव्हतं. बेहाइम १९७६ पासून हेड कोच, पण सुरुवातीची कित्येक वर्षं तो मॅन आणि झोन दोन्ही मिसळून खेळवायचा. पूर्णपणे झोनवर तो गेला २००९ मध्ये, आणि तेही एका हारीनंतर. सीझनच्या आधीची एक प्रदर्शनी मॅच, समोर त्याच शहरातलं ले मॉइन नावाचं छोटं, खालच्या डिव्हिजनमधलं कॉलेज, आणि सिराक्यूज मॅन-टू-मॅन खेळून ८२-७९ नं हरलं. त्यानंतर त्यानं मॅन बाजूला ठेवलं, आणि त्या सीझनला ३० मॅच जिंकल्या, ५ हरल्या. म्हणजे ज्या झोनला सर बेहाइमचा हट्ट म्हणत होते तो झोन मुळात बेहाइमनं स्वतःला बदलून आणलेला होता! हातात कोणते खेळाडू आहेत ते बघून, लांब हातांची पोरं, साडेसहा फुटांचे गार्ड. २०१६ मध्ये तर व्हर्जिनियाविरुद्ध हाफटाइमला चौदा पॉइंटनी मागे होता तेव्हा त्यानं फुल कोर्ट प्रेस लावून, म्हणजे पूर्ण कोर्टभर समोरच्यांवर चढून, मॅच ६८-६२ अशी ओढून काढली आणि फायनल फोरला, म्हणजे सेमीफायनलला गेला. नुसता झोन लावून बसून राहिला असता तर ती मॅच गेलीच होती.

आणि शेवट पण बघा. २००३ ला जेव्हा वॉरिकनं तो ब्लॉक मारला तेव्हा अमेरिकन कॉलेजची थ्रीची लाइन होती साधारण ६.०२ मीटरवर. २०१९-२० च्या सीझनला मुलांची लाइन फिबाच्या मापावर नेली, ६.७५, म्हणजे आपलीच. शूटर पण सगळीकडे तयार झाले होते. २०२१-२२ मध्ये बेहाइमच्या टीमनं १६ जिंकल्या आणि १७ हरल्या, त्याच्या सगळ्या कारकिर्दीत असं कधी झालं नव्हतं. पुढच्या वर्षी मार्च २०२३ मध्ये वेक फॉरेस्टविरुद्ध शेवटच्या क्षणी बसलेल्या थ्रीवर ७७-७४ अशी मॅच गेली, ती त्याची शेवटची, ४७ सीझन झाले होते. त्याच्या जागी त्याचाच जुना खेळाडू आणि असिस्टंट एड्रियन ऑट्री आला आणि त्यानं टीम मॅन-टू-मॅनवर नेली. उलटी गोष्ट ड्यूक युनिव्हर्सिटीचा कोच माइक शेशेव्स्कीची, ज्याला सगळे कोच के म्हणतात. तो आयुष्यभर मॅन-टू-मॅनवाला. पण ऑलिंपिकच्या अमेरिकन टीमवर बेहाइम त्याचा असिस्टंट होता, तिथे झोन जवळून बघितला, आणि २०१८ मध्ये त्याच्या तरुण पोरांना मॅन नीट जमेना तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या ह्या माणसानं सीझनच्या मधे, फेब्रुवारीत, टीम झोनवर नेली. मला ह्या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. जिंकून जिंकून कपाट भरलेलं असताना, फेब्रुवारीत.

हे सगळं मी सरांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, ले मॉइनचं दोनदा विचारलं, आणि म्हणाले, त्याच्याकडं साडेसहा फुटांचे गार्ड, माझ्याकडं पाच फूट दोन इंचाची पोरगी. मी म्हटलं सर तेच तर म्हणतेय. ते हसले आणि उठून गेले. वादावादीनं एवढंच होतं.

मग मी वही केली. एका पानावर हाफ कोर्ट काढायचं आणि फ्रेंडली मॅचमध्ये समोरच्यांनी शूट कुठून मारला तिथे फुली, लागला तर गोल. शेजारच्या तालुक्यातल्या टीमबरोबर फ्रेंडली झाल्या, जिल्ह्यातल्या मुलांच्या ज्युनियर टीमबरोबर झाल्या, आणि पानं साचायला लागली. बघितलं की कुणालाही कळेल अशी ती पानं होती, दोन्ही कोपरे आणि दोन्ही विंग, म्हणजे रिंगच्या तिरप्या बाजू, गोलांनी भरलेले, फ्री थ्रो लाइनचा मधला भाग भरलेला, आणि रिंगखाली दुसऱ्या चान्सचे शूट, कारण झोनमध्ये रिबाउंडला, म्हणजे चुकून परत आलेला बॉल पकडताना, कुणी कुणाला अडवायचं हेच ठरलेलं नसतं. मी वही सरांसमोर ठेवली. त्यांनी पानं उलटली, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "हे मला माहिताय. तुला काय वाटलं मला दिसत नाही होय? पुढचं सांग. उद्या सकाळी सहा वाजता ह्या पोरींना मी काय घेऊ?"

तो प्रश्न ऐकला आणि मला सगळं प्रकरणच वेगळं दिसायला लागलं. सरांना झोनची भोकं माझ्याइतकीच, खरं तर माझ्यापेक्षा जास्त दिसत होती. त्यांच्याकडे नव्हतं ते एवढंच की मॅन-टू-मॅन ह्या मुलींना, ह्या कोर्टवर, दीड तासात शिकवायचं कसं. झोनसाठी त्यांच्याकडे दोरी होती, मॅनसाठी काहीच नव्हतं. आणि जे शिकवता येत नाही ते मॅचमध्ये लावायचं म्हणजे पोरींना तोंडघशी पाडायचं, चांगला कोच ते करणार नाही. बाहेरून बघणारा त्याला हट्ट म्हणतो.

त्याच आठवड्यात पाऊस उघडला आणि आम्ही दोरी काढली. आमच्या कोर्टवर जुनी पिवळी लाइन नवीन पांढऱ्या लाइनीच्या आत अजून दिसते, जुन्या फाकलेल्या डीच्या, म्हणजे रिंगपुढच्या आखलेल्या जागेच्या खुणा पण दिसतात, ओलं असताना तर फारच. सात नंबरची मुलगी कोपऱ्यात धावली, दोरी ताणली गेली, आणि तिचा पुढचा पाय बरोबर पिवळ्या लाइनीवर पडला. पांढरी लाइन तिच्यापुढे दीडेक वीत. मी सरांकडे बघितलं, सर लाइनीकडे बघत होते. ती दोरी त्यांनी ६.२५ च्या जमान्यात मापून कापलेली होती. वर्षानुवर्षं आमच्या सगळ्या मुली जुन्या लाइनीपर्यंतच धावत होत्या, मी सुद्धा तिथपर्यंतच धावले असणार.

पण म्हणून सर लगेच मॅनवर आले असं नाही. ते म्हणाले, दोरी वाढवू. आणि वाढवली, दुसरा तुकडा गाठ मारून जोडला. चार-पाच दिवस ते करून बघितलं, मन लावून. कोपरा बंद झाला, पण मग कोपऱ्यातली आणि मधली यांच्यात एवढी फट पडायला लागली की बॉल सरळ आत. सरांनी मधलीला बाहेर सरकवलं तर दुसऱ्या बाजूची फट. ठिगळ लावलं की शेजारी उसवतं तसं. शेवटी त्यांनी स्वतःच दोरी गुंडाळली आणि बाकावर ठेवली. मला वाटतं हे करून बघणं गरजेचं होतं, मी तोंडी सांगितलेलं त्यांनी मानलं असतं तरी त्यांना ते असं हाताला लागलं नसतं.

आता मॅन शिकवायचं कसं. माझ्याकडे बीपीएडला शिकलेलं शेल ड्रिल होतं, चार विरुद्ध चार, बॉल फिरतो तसं कुणी पुढे कुणी मदतीला. ते मी लावलं आणि मुली गोंधळून गेल्या, डिनाय कर, हेल्पला ये, रिकव्हर हो, इतकं सगळं एकदम सांगितलं की चेहरेच कोरे. ऑस्ट्रेलियात चौदा वर्षांखालच्या पोरांना झोन खेळू देत नाहीत, का तर आधी एकास एक राखायला शिकू दे. आमच्या मुली बास्केटबॉलला सुरुवातच अठराव्या वर्षी करतात आणि तीही झोननं, त्यांना हे कुठून येणार. सर कडेला उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं आत आले, शेल ड्रिल थांबवलं आणि नऊ नंबरला, जी खो-खोमध्ये उत्तम पळणारी आहे, विचारलं, "समोरचा चेसर येतोय, तू त्याचं काय बघतीस?" ती म्हणाली, कंबर. "मग हिथं बॉल कशाला बघतीस?"

तिथून सगळं बदललं, आणि ते सरांनी बदललं, मी नाही. त्यांनी बास्केटबॉल बाजूलाच ठेवला. दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या, बॉल नाही, एकीनं पळायचं, दुसरीनं तिच्या कंबरेवर नजर ठेवून तिच्या आणि रिंगच्या मधे राहायचं, हात मागे बांधून, म्हणजे धरायचा प्रश्नच नाही. खो-खोत हुलकावणी देणं आणि हुलकावणी ओळखणं ह्यातच त्या मुली वाढलेल्या, त्यांना हे सांगावंच लागलं नाही. आणि मदतीची तर सरांनी कमाल केली. खो-खोत पळणारी पाटीच्या पलीकडे गेली की चेसर काय करतो, जी त्या बाजूला तोंड करून बसलीय तिला खो देतो. सर म्हणाले तेच करा, तुमची पोरगी तुम्हाला टाकून रिंगकडं निघाली की ओरडा खो, आणि जिचं तोंड तिकडं आहे ती घेईल, तुम्ही तिची घ्या. हेल्प, स्विच, रोटेट हे सगळे शब्द गेले. सकाळी सहा वाजता आमच्या कोर्टवर "खो! खो!" चालू, हॉस्टेलच्या खिडकीतून मुली बघायला लागल्या की बास्केटबॉल बंद झालं की काय.

पाय दुखले, मुली दमल्या, एकीचा घोटा मुरगळला, दोघींच्या इंटर्नल परीक्षा मधे आल्या. पहिल्या फ्रेंडलीत फाउलचा पाऊस पडला आणि सर मला म्हणाले, सांगितलं होतं तुला. मला वाटलं आता संपलं. पण दुसऱ्या दिवशी सहाला ते मैदानावर हजर, आणि एका कागदावर त्यांनी रात्री काहीतरी काढून आणलेलं. त्यांची आयडिया अशी, की आपण बास्केट केली की मॅन, आपला शूट चुकला की झोन. कारण बास्केट झाल्यावर समोरच्यांना बेसलाइनच्या मागून बॉल आत घ्यावा लागतो, तेवढ्या वेळात प्रत्येकीला आपली मुलगी शोधून पकडता येते. शूट चुकल्यावर समोरच्या पळतच येतात, तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो, तेव्हा पळत जाऊन आपल्या जागेवर उभं राहायचं, झोन. असं बाहेर बरेच कोच करतात हे मला नंतर कळलं, पण सरांनी ते आमच्या मुलींकडे बघून स्वतः काढलं होतं. शिवाय ह्यानं पायांनाही आराम मिळतो. ज्या माणसाला सगळे हट्टी म्हणत होते त्यानं मला जे कधी सुचलं नसतं ते एका रात्रीत काढून आणलं, एकदा काय शिकवायचं ते हातात आल्यावर.

झोनलला ह्याचा उपयोग झाला. समोरच्या टीमची पॉइंट गार्ड प्रत्येक वेळी बॉल पुढे आणताना आधी आमच्याकडे बघत बसायची की आता काय आहे, आणि शूट मारायला मिळणाऱ्या चोवीस सेकंदांतले सात-आठ सेकंद तिथेच जायचे. फायनल त्याच टीमबरोबर झाली जिनं आदल्या वर्षी आम्हाला घरी पाठवलं होतं. शेवटच्या क्वार्टरला आम्ही पुढे होतो आणि सरांनी जे केलं ते कुठलाही कोच करेल, हातात लीड आहे म्हणून पूर्ण झोनवर गेले, जे आपल्याला नीट येतं त्याच्यावर. पाठोपाठ दोन थ्री, दोन्ही उजव्या कोपऱ्यातून. टाइमआउट. मी पाण्याच्या बाटल्या देत होते. सरांनी मुलींना जवळ घेतलं आणि दोनच शब्द बोलले, "मॅन. खो." नऊ नंबरचा पाचवा फाउल झाला, ती रडत बाहेर आली, तिच्या जागी एफवायची मुलगी गेली जी दोन महिन्यांपूर्वी फक्त खो-खो खेळत होती, आणि तिनं त्यांच्या शूटरला शेवटपर्यंत बॉल हातात घेऊ दिला नाही. एका बास्केटनं जिंकलो.

इंटरझोनलला मात्र हरलो, आणि व्यवस्थित हरलो. तिथल्या टीमनं आमचं मॅन बघितल्या बघितल्या स्क्रीन लावायला सुरुवात केली, एक मुलगी येऊन आमच्या डिफेंडरच्या वाटेत उभी राहणार, त्यांची ड्रिबलर तिला घासून पुढे. ह्याच्यावर काय करायचं ते आम्ही शिकवलंच नव्हतं, तेवढा वेळच मिळाला नव्हता. बरं झोनवर गेलो तर थ्री मारायला त्यांच्याकडे तिघी होत्या. परत येताना गाडीत सरांनी झोन हा शब्द पण काढला नाही, सगळा रस्ता स्क्रीनवरच बोलत होते.

आता ह्या वर्षीचा वाद तोच आहे. सरांचं म्हणणं, स्क्रीन लागला की सरळ खो द्यायचा, दोघींनी मुली बदलायच्या, आपल्या पोरींना ते रक्तात आहे. माझं म्हणणं, समोर शूटर असेल तर बदलायचं नाही, डिफेंडरनं स्क्रीनच्या वरून घासून जायचं आणि आपली मुलगी सोडायची नाही, कारण बदलाबदलीत आपली पाच फूट दोन इंचाची मुलगी त्यांच्या सगळ्यात उंच मुलीवर जाते आणि बॉल वरून आत येतो. सर म्हणतात मग बॉल आत येऊच द्यायचा नाही, पास टाकणारीवरच चढायचं. मी म्हणते तेवढ्यात ती कोपऱ्यात देईल. जिमखान्यात चहाचे कप मांडून हे रोज चालू आहे, साखरेचा डबा म्हणजे स्क्रीन. पहिल्या फ्रेंडलीत पहिले दोन क्वार्टर त्यांच्या पद्धतीनं आणि पुढचे दोन माझ्या पद्धतीनं खेळवायचं ठरलंय.